घराण्यांची पत आणि संकटाची किंमत

सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०१४ रोजी २०४ कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले, तेव्हा दिल्लीतील चर्चा भ्रष्टाचार, महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि नुकतेच झालेले सत्तांतर यांभोवती फिरत होती. छत्तीसगडच्या राजधानीत मात्र प्रश्न अधिक रोकडा होता. रायपूरच्या उत्तरेस बिलासपूर रस्त्यालगत सिलतरा आणि त्याच्या अलीकडे उरला या दोन औद्योगिक वसाहती आहेत. तेथे कोळशावर चालणाऱ्या फिरत्या भट्ट्यांत लोहखनिजापासून स्पंज आयर्न बनते, ते वितळवून बिलेट ओतले जातात आणि शेजारच्या रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया होतात. सारा डोलारा कोळशावर उभा. या कारखान्यांपैकी बहुसंख्य घराण्यांच्या मालकीचे आहेत: अग्रवाल, माहेश्वरी, सिंधी, गुजराती. भावाभावांत, काका-पुतण्यांत वाटलेले आणि तरीही एकाच पेढीच्या नावाने ओळखले जाणारे. ज्यांच्या स्वतःच्या खाणी गेल्या ते तर अडचणीत आलेच. पण पुढल्या दीड वर्षात चीनच्या स्वस्त पोलादाने बाजार असा काही पाडला, की फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारला १७३ पोलाद उत्पादनांवर किमान आयात किंमत लादावी लागली.

अशा वेळी कोण टिकते? कौटुंबिक उद्योग संकटात अधिक चिवट ठरतात, असे व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक जगभर सांगत आले आहेत. आपल्याकडे तर या विधानाला संस्कृतीच्या अभिमानाची झालर लागते. मला त्या विधानाविषयी आदर आहे. तथापि अभिमानाविषयी थोडी शंका आहे. ती शंका रायपूरच्या उदाहरणावरून मांडता येते.

रायगड जिल्ह्यातील गारे पेलमा हा कोळशाचा पट्टा अनेक तुकड्यांत वाटलेला होता. त्यातील चौथ्या क्षेत्राचे तीन तुकडे रायपूरशी निगडित अशा तीन घराण्यांकडे होते. चौथ्या क्रमांकाचा नागपूरच्या जयस्वाल निको समूहाकडे, ज्याचा पोलाद कारखाना सिलतऱ्यात आहे. पाचव्या क्रमांकाचा मोनेट इस्पातकडे. सातव्या क्रमांकाचा रायपूर अलॉइज अँड स्टील, म्हणजे आजच्या सारडा एनर्जीकडे. तिघांचेही खाणपट्टे एकाच निकालाने गेले. २०१५ च्या लिलावात चौथा आणि पाचवा तुकडा हिंडाल्कोने घेतला. पाचव्यासाठी बोली टनाला साडेतीन हजार रुपयांपर्यंत चढली. स्वतःचा पाचवा तुकडा गमावलेल्या मोनेटने सातवा तुकडा टनाला अडीच हजारांहून अधिक रुपयांची बोली लावून मिळवला. बाजारात पोलादाला भाव नसताना लावलेली ती बोली धाडसाची होती की नाइलाजाची, हे आज ठरवणे सोपे आहे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या जूनमध्ये दिवाळखोरी संहितेखाली कारवाईसाठी जी बारा मोठी थकीत खाती निवडली, त्यांत मोनेट इस्पात होती. बँकांचे दावे अकरा हजार कोटी रुपयांच्या आसपास होते. २०१८ मध्ये कंपनी तीन हजार कोटींहूनही कमी रकमेत एऑन आणि जेएसडब्ल्यू यांच्या हाती गेली. रिझर्व्ह बँकेची दुसरी यादी २०१७ च्याच ऑगस्टमध्ये आली होती. तीत जयस्वाल निकोचे नाव होते. ते घराणे मात्र बचावले. बँकांचे कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीकडे गेले, परतफेडीची नवी घडी बसली, आणि कारखाना संस्थापक कुटुंबाच्याच हाती राहिला. तिसऱ्या घराण्याची कथा तर लिलावाच्या खेळातली एक उलटी खेळी आहे. मोनेटच्या हातून निसटलेला गारे पेलमाचा सातवा तुकडा पुढच्या लिलावात सारडा एनर्जीने, म्हणजे मूळ धारकानेच, परत मिळवला. २०२४ मध्ये याच कंपनीने रायगड जिल्ह्यातील एसकेएस पॉवर हा ६०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प दिवाळखोरी प्रक्रियेतून विकत घेतला. २०१४ मध्ये जिची खाण काढून घेतली गेली, ती आज दुसऱ्याच्या बुडालेल्या कारखान्याची खरेदीदार आहे.

तिन्ही घराणीच होती. म्हणून ‘घराणे’ हा एकच शब्द तिघांचे वेगळे नशीब समजावून सांगू शकत नाही. फरक कर्जाच्या आकारात होता, आणि त्याहून अधिक वेळेत होता. सारडांनी मोनेटइतका बोजा कधी अंगावर घेतला नाही; फेरोअलॉय, स्वतःपुरती वीज, सिक्कीममधला जलविद्युत प्रकल्प अशा निरनिराळ्या कामांत त्यांनी भांडवल विखुरले होते. जयस्वाल निकोला वेळ मिळाला. मोनेटला तो मिळाला नाही. संकटातली चिवटता म्हणजे अखेर वाट पाहण्याची ताकद, आणि ही ताकद ज्याच्याकडे तातडीने परत मागितली जाणार नाही असा पैसा आहे, त्याच्याकडे असते. घराण्याचा खरा फायदा येथे आहे. तिमाही निकालांची वाट पाहणारा भागधारक पैसा काढून घेतो. चुलता काढून घेत नाही. निदान लगेच तरी नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. १८३० मध्ये कलकत्त्याची पामर अँड कंपनी बुडाली, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तेथील बड्या युरोपीय एजन्सी हाउसांपैकी जवळपास सर्व कोसळली. ती नीळ आणि अफूच्या सट्ट्यात परक्यांच्या ठेवी गुंतवून उभी होती. ठेवीदार दारात आले तेव्हा त्यांना मुदत मागता येईना. त्याच बाजारातल्या देशी पेढ्या मात्र हुंड्यांच्या साखळीवर, जातभाईंच्या उधारीवर तगून राहिल्या. राजस्थानातून बाहेर पडलेल्या मारवाडी तरुणाला परक्या गावी ‘बासा’ म्हणजे समाजाची खानावळ आणि राहण्याची जागा मिळे, मोठ्या पेढीत मुनीमकी मिळे, आणि चार वर्षांनी त्याच पेढीकडून उधारीवर मालही मिळे. बिर्ला समूहाने पुढे प्रसिद्धीस आणलेली ‘पडता’ पद्धती, म्हणजे रोजच्या रोज नफा-तोट्याचा अंदाज मालकापुढे ठेवण्याची शिस्त, ही याच पेढ्यांची देणगी. आधुनिक लेखापालाला ती ओबडधोबड वाटेल. परंतु संकट महिनाअखेरीस नव्हे, तर त्याच संध्याकाळी कळते, हे तिचे मर्म होते.

रायपूरचा व्यापारी वर्ग असाच बाहेरून येत गेला. भोसल्यांच्या राजवटीत नागपूरहून आलेले, १८८० च्या दशकात रेल्वे आल्यावर तिच्या बांधकामासाठी आलेले कच्छचे मिस्त्री ठेकेदार, धान्य आणि सावकारीच्या निमित्ताने आलेले मारवाडी, फाळणीनंतर सर्वस्व मागे टाकून आलेले सिंधी. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत हा भाग होरपळला, तेव्हा काही पेढ्यांच्या कोठारांतून धान्य निघाले आणि काहींच्या वह्यांत कुळांच्या जमिनी गेल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घराण्यांच्या चिवटपणाचा गौरव करताना दुसरी गोष्ट विसरण्याची आपली सवय जुनी आहे. गोलबाजार, सदर बाजार किंवा पंडरीच्या कापड बाजारात आज हिंडणाऱ्याला जुन्या दुकानांच्या पाट्यांवर दोन-तीन पिढ्यांची नावे दिसतात; ज्यांच्या पाट्या उतरल्या त्यांची नावे अर्थातच दिसत नाहीत. टिकलेल्यांकडूनच टिकण्याचे शास्त्र शिकण्यातला हा दोष आहे.

शेजारच्या राजनांदगावचे उदाहरण वेगळ्या कारणाने आठवते. राजे बलरामदास यांच्या पुढाकाराने १८९० च्या दशकात तेथे उभी राहिलेली कापड गिरणी लवकरच कलकत्त्याच्या ब्रिटिश कंपनीकडे गेली आणि बंगाल नागपूर कॉटन मिल या नावाने चालली. मालक दूर, गाव इथे. ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखालील १९२० च्या संपाने ती गाजली. पुढे ती सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि या शतकाच्या आरंभी बंद पडली. खासगी एजन्सी असो वा सरकार, गिरणी बंद झाल्याने ज्याच्या घरातली चूल विझणार होती, असा एकही माणूस तिच्या निर्णयमंडळात नव्हता. घराण्यांच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येते, की त्यांच्या निर्णयमंडळात असा माणूस असतो.

मराठी वाचकांना किर्लोस्करवाडीचे स्मरण होईल. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगरापर्यंत आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेथील जागा सोडावी लागली, आणि १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोडच्या उजाड माळावर कारखाना उभा राहिला. गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत फेब्रुवारी १९४८ मध्ये तो जळला. आणि पुन्हा उभा राहिला. तोवर घराण्याने हरिहर, बंगळूर आणि पुण्याच्या खडकीत निरनिराळे कारखाने काढले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. एक ठिकाण जळले तरी घराणे जळत नाही, अशी ती रचना होती. तिच्यात दूरदृष्टी किती आणि परिस्थितीचा रेटा किती, याचा वाद घालता येईल. पण याच घराण्यातला पुढील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने भावाभावांना मध्यस्थीचा मार्ग सुचवला, हेही तितकेच बोधक आहे. वाद होता २००९ च्या कौटुंबिक समझोत्याच्या अर्थाविषयी. कारखाना जळाल्यावर जी एकजूट दिसली, ती नफ्याच्या दिवसांत का टिकू नये, याचे उत्तर अर्थशास्त्रात मिळत नाही. माझ्या पाहण्यात तरी आगीपेक्षा वाटणीने मोडलेली घराणी अधिक आहेत.

आता त्या पैशाकडे वळू, जो ताळेबंदात कुठेच लिहिलेला नसतो. प्रशासकीय सेवेत असताना जिल्हास्तरीय बँक समित्यांच्या बैठकांत मी थकीत कर्जांच्या याद्या वर्षानुवर्षे चाळल्या. एखादा भात गिरणीवाला दोन हप्ते चुकवतो आणि तिसऱ्या महिन्यात अचानक नियमित होतो. बँकेचा अधिकारी शेरा लिहितो, ‘खाते सुधारले’. ते कशाने सुधारले, हा रकाना यादीत नसे. चौकशी केली तर कळे, की थोरल्या सुनेचे दागिने मोडले आहेत, धाकट्याचे शिक्षण थांबवून त्याला गल्ल्यावर बसवले आहे, मुनिमाला रजा देऊन वहिनी हिशेब पाहू लागल्या आहेत आणि कुणालाच पगार नाही. कौटुंबिक उद्योगाची लवचिकता म्हणून जिचे कौतुक होते, ती बऱ्याच अंशी घरातल्या बायकांच्या स्त्रीधनातून आणि बिनपगारी श्रमांतून आलेली असते. तिच्यावर व्याज चढत नाही, म्हणून ती स्वस्त वाटते.

या ठिकाणी कायद्याचा एक विलक्षण विरोधाभास दिसतो. हिंदू धर्मशास्त्रात बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानले होते, आणि ब्रिटिश न्यायालयांनी ते तत्त्व कायद्यासारखे राबवले. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने मुलींना सहदायाद म्हणून जन्मसिद्ध हक्क दिला, हे सर्वांना आठवते. त्याच दुरुस्तीने या धर्मकर्तव्याच्या आधारे मुलाकडून, नातवाकडून कर्जवसुली करण्याचे दार बंद केले, हे फारसे कुणाला आठवत नाही. संसदेने समोरचे दार बंद केले. बँकांनी मागचे उघडे ठेवले. आज लहान कारखान्याला कर्ज देताना घरातल्या बहुतेक सज्ञान माणसांच्या वैयक्तिक हमीपत्रांवर सह्या घेतल्या जातात. ज्या मुलीला व्यवसायाच्या एकाही बैठकीत बोलावले गेले नाही, तिची सही हमीपत्रावर असते. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हमीदारांविरुद्ध दिवाळखोरी संहितेखाली कारवाई करता येते यावर शिक्कामोर्तब केले. मोठ्या प्रवर्तकांच्या बाबतीत तो निर्णय न्याय्यच होता. पण तीच तलवार सिलतऱ्यातल्या रोलिंग मिलच्या मालकिणीवरही लटकते.

शेतकऱ्याचे राहते घर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने जप्तीपासून वाचवले आहे. शेतजमीन सरफेसी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. छोट्या कारखानदाराच्या राहत्या घराला असे कवच नाही, आणि असावे असे मला वाटते. कर्ज देणाऱ्याने कारखाना पाहून कर्ज द्यावे. तारणाविना कर्ज देणाऱ्या बँकेला हमी पुरवण्यासाठी सूक्ष्म व लघुउद्योगांचा पतहमी न्यास २००० सालापासून अस्तित्वात आहे. करोनाच्या काळात मे २०२० मध्ये तीन लाख कोटींची आपत्कालीन पतहमी योजना आली, तेव्हा सरकारी हमीवर, जादा तारण न मागता कर्ज देता येते हे सिद्धच झाले. ते संकट संपले आणि बँका पुन्हा घराच्या कागदपत्रांकडे वळल्या.

भाताचा व्यवहार याहून शिकवणारा आहे. छत्तीसगड सरकार धान हमीभावाहून अधिक दराने विकत घेते. २०२३-२४ च्या हंगामात ही खरेदी १४० लाख टनांच्या पुढे गेली. तिल्दा, भाटापारा, धमतरी, रायपूर परिसरातल्या गिरण्या हे धान बँक हमी देऊन उचलतात आणि ठरलेल्या प्रमाणात, कच्च्या तांदळासाठी शेकडा ६७ किलो आणि उकड्यासाठी ६८ किलो, तांदूळ सरकारजमा करतात. गिरणीमालकाच्या उत्पन्नात भरडाईचा दर, प्रोत्साहन रक्कम, वाहतूक आणि बारदान्याचा हिशेब येतो. थोडक्यात, ही घराणी बाजारासाठी नव्हे, तर सरकारसाठी काम करतात. आणि सरकार हे वेळेवर पैसे न देणारे गिऱ्हाईक आहे. २०२४ च्या अखेरीस थकलेल्या रकमांवरून गिरणीमालकांनी नव्या हंगामाच्या भरडाईवर बहिष्काराचा पवित्रा घेतला होता. लघुउद्योगांचे देणे ४५ दिवसांत न फेडणाऱ्या खरेदीदाराला आयकरात वजावट मिळणार नाही, अशी तरतूद केंद्राने एप्रिल २०२४ पासून लागू केली. ती खासगी खरेदीदाराला लागू पडते. राज्य सरकार तर आयकर भरतच नाही. शासनानेच निर्माण केलेल्या टंचाईतून घराणे दागिने मोडून तरले, तर त्याला चिवटपणा म्हणणे हे शासनाच्या सोयीचे आहे. सेवेतली तीस-पस्तीस वर्षे मी याच सोयीचा भागीदार असलेल्या यंत्रणेत काढली, म्हणून हे अधिक ठामपणे सांगतो.

संकटाचा भार वाहणारे घराबाहेरचेही असतात. सिलतऱ्यातल्या भट्ट्यांवर काम करणारे बहुतेक कंत्राटी कामगार बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशातले. मागणी घटली की भट्टी थांबते आणि कंत्राटदार त्यांना हिशेब देतो, किंवा देत नाही. मुनीम तिसऱ्या पिढीपासूनचा असल्याने त्याला सांभाळले जाते. भट्टीवाला परका असल्याने जातो. घराण्याच्या आपुलकीचे वर्तुळ असे जवळच्यांपाशी संपते. दुसरा भार हवेवर पडतो. गच्चीवर साचणाऱ्या काळ्या भुकटीची तक्रार रायपूरच्या उत्तरेकडील वस्त्यांतले रहिवासी कित्येक वर्षे करीत आहेत. धूळ रोखणारी यंत्रे वीज खातात, आणि विजेचे बिल वाचवण्याचा मोह मंदीच्या महिन्यांत सर्वाधिक असतो. २०२४ च्या जुलैअखेर वीजदरवाढीच्या निषेधार्थ येथील पोलाद कारखान्यांनी उत्पादनच थांबवले, तेव्हा या उद्योगात विजेच्या एका युनिटमागचा रुपया किती निर्णायक असतो ते राज्याला कळले.

दिवाळखोरी संहितेने लघुउद्योगांसाठी काही सवलती ठेवल्या आहेत. थकबाकीदार प्रवर्तकाला स्वतःच्याच कंपनीसाठी बोली लावण्यास मनाई करणाऱ्या कलमातील मुख्य अटींतून त्यांना २०१८ मध्ये सूट मिळाली. २०२१ मध्ये मालकाच्या हाती व्यवस्थापन ठेवून तडजोड करण्याची पूर्वनियोजित प्रक्रिया आली. दिवाळखोरीच्या अर्जासाठी किमान थकबाकीची मर्यादा मार्च २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटी रुपये झाली. या शेवटच्या बदलाने कर्जदार घराणे वाचले, पण त्याला माल उधार देणारे त्याहून लहान घराणे निःशस्त्र झाले. सुट्या भागांचा पुरवठादार, बारदान्याचा व्यापारी, ट्रकवाला यांची थकबाकी क्वचितच कोटीवर जाते. मर्यादा सरसकट एक ठेवण्याऐवजी लघुउद्योगांनी लघुउद्योगांना दिलेल्या उधारीसाठी ती वेगळी ठेवणे अवघड नव्हते.

आणि मंचाचा प्रश्न उरतोच. छत्तीसगड राज्य स्थापन होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला. रायपूरच्या उद्योजकाला बँकेच्या जप्तीविरुद्ध दाद मागायची तर ऋणवसुली न्यायाधिकरण जबलपूरला आहे, आणि कंपनीच्या पुनर्रचनेसाठी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाचे पीठ कटकला. मोठी कंपनी दोन्हीकडे वकिलांची फौज पाठवते. लहान पेढीचा कर्ता स्वतः जातो. तो रात्रीच्या गाडीत बसतो, आणि त्या दिवशी गल्ल्यावर कोण बसणार हे ठरवूनच त्याला तारीख मान्य करावी लागते. रायपुरात या दोन्ही न्यायाधिकरणांचे, महिन्यातून चार दिवसांचे का होईना, फिरते पीठ बसवण्यास नवा कायदा लागत नाही, अधिसूचना पुरते.